साखळीतली राखण

रायगड जिल्ह्यात चोंढीहून किहीमकडे वळलं की बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध’ अशा पाट्या दिसू लागतात. मालक मुंबईत, ते शुक्रवारी-शनिवारी मांडव्याच्या बोटीने येणार. बाकीचे दिवस वाडीत असतात ती राखणदाराची माणसं आणि साखळीला बांधलेला कुत्रा. कुत्रा तिखट हवा, एवढीच अपेक्षा. म्हणून त्याला कुणात मिसळू द्यायचं नाही, फिरवायचं नाही. आणि शनिवारी तोच पाहुण्यांच्या अंगावर गेला की काठी उगारायची. ही रीत क्रूर आहे आणि तिने राखणही धड होत नाही. हे स्पष्ट बोलायला हवं, कारण कुत्र्याला मारण्यात काही वावगं आहे असं आपल्याला अजून वाटत नाही. ‘दोन ठेवून दिल्या की सरळ येतो’ असं चांगली शिकलेली माणसं सहज बोलून जातात.

मारातून कुत्रा काय शिकतो, ते एकदा नीट पाहावं. पिल्लू ओटीवर मुततं. तासाभराने मालकाला दिसतं, तो पिल्लाला मानगूट धरून आणतो, तोंड त्या जागेवर घासतो, वर एक फटका. पिल्लाच्या लेखी तासापूर्वीचं मुतणं केव्हाच संपलेलं असतं. मालक तावातावाने आला की दुखतं, एवढंच त्याला उमगतं. पुढच्या वेळी ते सोफ्यामागे जाऊन मुततं. मालक ओरडला की कान मागे जातात, शेपटी पायांत जाते, पोट जमिनीला टेकतं, जीभ ओठांवरून फिरू लागते. आपण म्हणतो, ‘बघा, चूक कळलीय त्याला.’ अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोग करून दाखवलं, की हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने चूक केलेली असो वा नसो, मालकाच्या रागावण्याने उमटतो. आपण जिला कबुली समजतो ती भीती असते.

याहून घातक प्रकार गुरगुरण्याच्या बाबतीत होतो. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेला इशारा: जवळ येऊ नकोस, मला भीती वाटते. तो मारून बंद पाडला तर भीती आत तशीच राहते, फक्त इशारा नाहीसा होतो. मग एके दिवशी तो कुणाच्या तरी पोराला ‘अचानक’ चावतो आणि सगळे म्हणतात, इतकी वर्षं गरीब होता हो!

‘कुत्रा लांडग्याच्या जातीचा, त्याला म्होरक्या कोण ते दाखवावंच लागतं,’ हा युक्तिवादही कानावर येतो. तो उभा आहे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावर. ही कल्पना ज्यांच्या १९७०च्या पुस्तकातून सर्वदूर पसरली, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असा असतो. शास्त्रज्ञाने स्वतःचं मत बदललं. आपले काटेरी पट्टे आणि साखळीचे हिसके मात्र चालूच राहिले. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. धाक-हिसक्यांनी शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त आढळल्या आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं दिसलं.

परदेशातले दाखले नको असतील तर आपल्याच किनाऱ्याची आठवण काढू. १२ मार्च १९९३ला मुंबई ज्या स्फोटकांनी हादरली, ती याच रायगड जिल्ह्यात शेखाडी-दिघीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘जंजीर’ नावाच्या लॅब्राडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. २०००च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. वास काढणं हे काम दंडुक्याने करून घेता येत नाही. माणसाच्या नाकाला जे कळत नाही ते कुत्र्याने आपण होऊन सांगायचं असतं. सांगितल्यावर चेंडू मिळेल, खेळ मिळेल, शाबासकी मिळेल, या ओढीवर जगभरातली शोधक श्वानपथकं उभी आहेत. मारलेला कुत्रा आपण होऊन काही सांगत नाही. तो फक्त मार चुकवतो.

आणि हे शिकवणं अवघड मुळीच नाही. ओहोटीला किहीमची पुळण लांबवर मोकळी होते. सकाळी ऊन चढायच्या आत कुत्र्याला तिथे न्यावं. दुपारच्या वाळूने पंजे भाजतात. गळ्यात साधा रुंद पट्टा, त्याला लांब दोरी. खिशात उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे. मीठ न लावलेल्या सुक्या बोंबलाचा कुटका असेल तर त्या वासापुढे कुत्रा दुसरं काही बघत नाही. समजा, तो खेकड्याच्या बिळात नाक खुपसून बसलाय. नाव घेऊन एकदाच ‘ये’ म्हणावं. मान वळली, त्याच क्षणी ‘शाब्बास’. जवळ आला की तुकडा, आणि लगेच पुन्हा मोकळं सोडावं, म्हणजे बोलावणं आलं की खेळ संपला असं त्याला वाटत नाही. शाबासकी त्या क्षणीच हवी. उशिरा दिली तर ती कशाबद्दल, ते त्याला कळत नाही. तो दोरी ओढू लागला तर आपण थांबावं, दोरी सैल झाली की चालू लागावं. अंगावर उड्या मारल्या तर पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकले की लाड करावेत. पाच मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. तोंडातल्या हुकमापेक्षा डोळ्यांचं काम इथे जास्त आहे. याच किहीममध्ये १९३० साली सलीम अली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर महिनोन्‌महिने बसून राहिले. नर अर्धं घरटं विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पुरं करून दुसऱ्या घरट्याच्या विणकामाला लागतो, हे त्यांना नुसत्या बघण्यातून उलगडलं. आपल्या दारच्या कुत्र्याकडे आपण इतकं तरी बघतो का?

‘खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच,’ असं काही जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. केलेल्या कामाचा मोबदला कामानंतर मिळाला तर त्यात लाचेचं काय आहे? सवय पक्की झाली की खाऊ कमी करता येतो. कधी तुकडा, कधी नुसता पाठीवर हात. पण सुरुवातीला, ज्याला आपली भाषा येत नाही त्याला ‘हेच हवं होतं’ हे सांगायला पोटाची वाट सगळ्यांत सरळ आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट ऐकताना आपले डोळे पाणावतात. तेच आपण अंगणातल्या जिवाला लाथ घालतो, याची लाज वाटली पाहिजे.

शाळेतल्या छडीला २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. तेव्हाही ‘मार नाही तर शिस्त कशी’ हाच प्रश्न विचारला जात होता. जनावरांसाठी तर १९६०पासून कायदा आहे. मारणं, आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, हे सगळं त्याच्या कलम ११मध्ये गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? म्हणून हे काम कायद्यावर सोडून चालणार नाही, ते मालकांनीच अंगावर घ्यायला हवं.

राखणदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही आणि कुत्रा त्याने आणलेलाही नाही. ज्यांना आठवड्यातले पाच दिवस इथे राहता येत नाही, त्यांनी आधी कुत्रा पाळावा का, याचाच विचार करावा. आधीच पाळला असेल तर पुढच्या शनिवारी आल्याबरोबर त्याची साखळी सोडावी, वाडीला कुंपण धड आहे का ते पाहावं, राखणदाराला आणि त्याच्या बायकोला सोबत घेऊन पुळणीवर ‘ये’ शिकवायला बसावं. सकाळ-संध्याकाळ फिरवण्याची वेळ ठरवून द्यावी. अंड्यांचा खर्च आपण उचलावा आणि राखणदाराच्या पगारात या कामाचे पैसे वेगळे धरावेत.