उतरती पट्टी

वृद्ध कलावंताचे गाणे ऐकून झाल्यावर श्रोत्याने खरे बोलावे की गोड बोलावे, हा प्रश्न तसा जुनाच आहे. माझ्यापुढे तो पुन्हा उभा राहिला तो मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, १७ मे २०२५ च्या शनिवारी रात्री. माझा पुतण्या आता पन्नाशीत आहे. ‘गन्स एन् रोझेस’ या अमेरिकन रॉक मंडळींचा तो कॉलेजात असल्यापासूनचा भक्त. बरोबर येणाऱ्या मित्राने ऐनवेळी अंग काढून घेतले आणि त्याचे तिकीट माझ्या वाट्यास आले. ज्याने जन्मभर नाट्यपदे आणि ख्याल यांपलीकडे कान दिला नाही त्याने या वयात तेथे जावे काय, अशी घरात कुजबुज झाली. पण बेळगावहून मुंबई म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर, आणि गाडीत बोलायला कोणीतरी हवे, या सबबीवर मी निघालो.

वाटेत पुतण्या मला तयार करीत होता. या मंडळींची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९८७ ची. गायक ॲक्सल रोझ याचा जन्म १९६२ चा. गाडीत ती जुनी गाणी चालू होती. पत्र्यावर सुरी ओढावी तसा तो तरुण आवाज वर चढत होता. मला तो सुखद वाटला नाही, पण त्यातली धग नाकारता येईना. “आता हा आवाज राहिलेला नाही, काका. सगळेच म्हणतात,” तो सहज म्हणाला. मग एवढा खर्च आणि यातायात कशासाठी, असे मी विचारले. त्यावर तो हसून म्हणाला, “आवाज ऐकायला कोण जातंय?”

हे उत्तर मला खटकले. गाणाऱ्याकडे जायचे आणि आवाजासाठी जायचे नाही, तर मग कशासाठी?

मैदानावर तरुण पुष्कळ होते; पण माझी नजर राहून राहून जात होती ती पुतण्याच्या वयाच्या पुरुषांकडे. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, अंगात काळे सदरे. वरच्या स्वरांची ओळ आली की समोरचा जमाव ती आपल्या गळ्यात उचलून घेई. व्यासपीठावरचा स्वर तेथवर पोहोचला की नाही, हे कळण्यास वावच उरत नसे. नंतर गायक पियानोपाशी बसला आणि ‘नोव्हेंबर रेन’ हे १९९१ चे गाणे सुरू झाले. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आले. बेळगावच्या कॅम्पात घेतलेली आणि वाजवून वाजवून झिजलेली एक कॅसेट त्याच्या मनात त्या क्षणी फिरत होती, हे मला दिसत होते. समोरच्या साठी उलटलेल्या माणसाकडे त्या कॅसेटची कळ दाबण्यापुरतेच काम उरले होते. हे प्रेम होते यात शंका नाही. परंतु ज्याच्यावर करायचे त्याला आज जसा आहे तसा उभे राहू न देणारे प्रेम हे कितपत प्रेम?

आपल्या रागसंगीतात वार्धक्याला जागा आहे, कारण रागाची मूळ प्रत कोणाच्या कपाटात नसते. येथून जवळच्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले, एक फुप्फुस कायमचे दुबळे झाले. त्यांनी लहान लहान झेपांची अशी गायकी उभारली की उणीव कोणती आणि शैली कोणती हे वेगळे काढता येऊ नये. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांतला बारीक स्वर घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पार बदलला. त्या भारदस्त आवाजालाच पुढे लोकांनी गंगूबाई म्हणून ओळखले. या दोघांना कोणी “पूर्वीसारखे गा” असे म्हटल्याचे मला आठवत नाही. २००७ च्या डिसेंबरात पुण्याच्या रमणबागेत, सवाई गंधर्व महोत्सवात, पंच्याऐंशी वर्षांचे भीमसेन जोशी गायले तेव्हाही समोर उलगडत होता तो त्या दिवसाचा राग.

नाट्यपदाचे तसे नाही. ते तबकडीवर एकदा कोरले गेले की कानाला तेच हवे असते. या बाबतीत नाट्यपद रॉकच्या गाण्याचे सख्खे भावंड आहे. बालगंधर्व साठी उलटून गेल्यावरही स्त्रीवेषात उभे राहत आणि रसिक डोळे मिटून ऐकत, असे आमच्या घरची वडीलधारी मंडळी कौतुकाने सांगत. त्या मिटलेल्या डोळ्यांत भक्ती होती हे मी मानतो. पण त्यांत न पाहण्याची सोयही होती. केसरबाई केरकर यांनी साठीच्या दशकात, आवाज ओसरण्यापूर्वीच, जाहीर मैफली थांबवल्या. हाच एक मानी मार्ग, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. आता वाटते की, त्यातही श्रोत्याच्या स्मरणशक्तीपुढे केलेली एक माघार असावी. ज्याला अजून गावेसे वाटते त्याने आपल्या कालच्या आवाजाच्या अब्रूसाठी गप्प का बसावे?

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. निपाणीत आमच्या शेजारी एक आप्पा राहत. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, आणि गणेशोत्सवात ठरलेले गायक. मी लहानपणापासून त्यांची पदे ऐकत आलो. सत्तरी ओलांडल्यावर मंडळाच्या मुलांनी त्यांना पुन्हा गाण्याचा आग्रह केला. तालमीला पेटीवाल्याने हळूच सुचविले की काळी दोनऐवजी काळी एकवर यावे, म्हणजे ताण पडणार नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “छे, आवाज अगदी तोच आहे!” उत्सवाच्या रात्री अंतऱ्यात स्वर फुटला, एकदा नव्हे, तीनदा. मागच्या बाजूने शिट्ट्या झाल्या. मी मोठमोठ्याने टाळ्या वाजवत राहिलो. त्यानंतर आप्पा घरातदेखील गुणगुणले नाहीत. पेटीवाला परका होता, पण आप्पांनी गात राहावे अशी सोय त्यानेच पाहिली होती. मी घरचा होतो, आणि मी त्यांचे गाणे संपवले. उतरत्या वयात पट्टी उतरवणे म्हणजे हार नव्हे, एवढे सांगण्याचा अधिकार मला होता. गोड बोलण्याच्या नादात मी तो वापरला नाही.

रविवारी परतताना ही हकिगत मी पुतण्याला सांगितली. निपाणी ओलांडल्यावर त्याने विचारले, “बरं काका, त्याचं गाणं कसं वाटलं तुम्हाला?”

“खालच्या पट्टीत गायला असता तर मला अधिक आवडले असते,” मी म्हणालो. “आणि तुम्ही लोकांनी मध्ये मध्ये थोडे गप्प बसायला हवे होते.”

संकेश्वर येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “मग आप्पांना हे का नाही सांगितलंत?”

त्या तालमीत मलाही आप्पांचे गाणे ऐकायचेच नव्हते, मला माझ्या बाराव्या वर्षीचा गणपती परत हवा होता, असे त्याला सांगावे म्हणून मी शब्द जुळवीत होतो. तेवढ्यात हत्तरगीचा टोलनाका आला आणि तो पैसे काढू लागला.