प्रसाद घ्यावा की नाही?

आजचे वाचन: १ करिंथ ८:१-१३; १०:१४-३३



गणपती जवळ आले की तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो. ऑफिसात कुणीतरी डबा पुढे करतं, "घे ना, प्रसादाचा मोदक आहे." अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावं? घेतला तर विश्वासात तडजोड झाल्यासारखं वाटतं, नाही घेतला तर समोरच्याचं मन दुखावतं.

प्रियांनो, हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, तेव्हा तिथले विश्वासी ह्याच पेचात होते. देवळांत यज्ञ होत आणि त्यातलं मांस बाजारात विकायलाही येई. काही देवळांत जेवणाची दालनं असत, तिथे मेजवान्या चालत. मित्राने घरी बोलावलं तर ताटातलं मांस कुठून आलं हे कळायला मार्ग नसे. आपल्या मराठी शास्त्रात ह्या ठिकाणी 'नैवेद्य' हाच शब्द आलाय, त्यामुळे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

पौल एका शब्दात 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. तो तीन प्रसंग वेगळे करतो. पहिला, मूर्तीच्या पूजेत भाग घेणं. तिथे त्याचं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे, कारण प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याला दुसऱ्या मेजाचा भागीदार होता येत नाही. दुसरा, बाजारातलं किंवा कुणाच्या घरी वाढलेलं अन्न. ते चौकशी न करता खा, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. तिसरा, कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे. तेव्हा खाऊ नको, आणि तेही तुझ्या नव्हे, तर दुसऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी.

म्हणजे मोदकाला घाबरायचं कारण नाही. प्रश्न आहे आपल्या शेजारी कोण उभं आहे, हा.

माझंच सांगते. बरीच वर्षं मी प्रसाद बिनधास्त खायचे. माझ्याकडे उत्तर तयार असायचं: देव एकच आहे, मूर्ती काहीच नाही, मग खाल्लं तर काय बिघडलं? करिंथकरही हेच म्हणत होते, आणि पौल त्यांचं हे म्हणणं खोडून काढत नाही.

मग आमच्या तरुण संघात एक मुलगा नव्याने येऊ लागला. घरचे हिंदू. त्या वर्षी त्याने घरी आरतीला उभं राहायला आणि प्रसाद घ्यायला नकार दिला. आई दोन दिवस नीट जेवली नाही. त्याच आठवड्यात त्याने मला आमच्या सोसायटीच्या मांडवात प्रसाद खाताना पाहिलं. रविवारी उपासना संपल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, तुला चालतं, तर मग मी आईला उगाच रडवलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं ज्ञान बरोबर होतं, पण त्याची किंमत तो मोजत होता. घरी जाऊन आठवा अध्याय पुन्हा वाचला. पौल म्हणतो, माझ्या खाण्यामुळे भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. एवढं मोकळं मन असलेला माणूस स्वतःहून मोकळीक सोडून देतो, कारण त्या भावासाठी ख्रिस्त मेला आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही. पुढे त्याच्याशी बोलताना कळलं की नकार देताना तो आईला म्हणाला होता, "हे सगळं खोटं आहे." म्हणजे खाताना मी प्रीती विसरले होते, आणि न खाताना तो. दोघांनाही पश्चात्ताप करायला लागला. तो घरी जाऊन आईला म्हणाला, "माझं बोलणं चुकलं. तुझ्या हातचं नको असं नाही गं. मला फक्त पूजेत भाग घेता येत नाही."

नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाला वाढायचं नाही, हा त्या माउलीचा कायमचा नियम. पुढच्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी तिने त्याच्या पुरणपोळ्या आधीच वेगळ्या काढून ठेवल्या. मुलाच्या विवेकबुद्धीसाठी तिने स्वतःचा नियम बाजूला ठेवला. पौलाचं पत्र तिने कधी वाचलेलं नाही. मी मात्र ते कितीतरी वेळा वाचून तसं वागले नव्हते.

आता कुणी "प्रसाद आहे" असं सांगून दिलं, तर मी हात जोडून म्हणते, "मनापासून थँक्यू, पण मी घेत नाही. चहाला मात्र येते." आणि खरंच जाते. काही विश्वासी ह्याबाबत वेगळं वागतात, त्यांचा न्याय करणं माझं काम नाही. रोम १४ आपल्याला तेवढं नक्कीच शिकवतं.

आज स्वतःला एकच विचारूया: माझ्या 'हो'मुळे किंवा 'नाही'मुळे कोण उभं राहतंय, आणि कोण पडतंय?

प्रार्थना: प्रभू येशू, मला योग्य काय ते कळू दे, आणि ते प्रीतीने करायला शिकव. माझ्या मोकळेपणाने किंवा माझ्या कडकपणाने कुणीही तुझ्यापासून दूर न जावो. आमेन.