इमानी माणसांचा अपराध

काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' (2005) या कादंबरीविषयी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: ही मुलं पळून का जात नाहीत? अवयव काढून घेण्यासाठीच जन्माला घातलेले हे क्लोन मोठे झाल्यावर मोटार चालवतात, गावोगाव हिंडतात, त्यांच्या वाटेत ना कुंपण ना पहारा. तरी बोलावणं आलं की ते निमूटपणे हजर होतात. लेखक जन्माने जपानी, तेव्हा ही शरणागती तिकडचीच, असं उत्तर काही जणांनी देऊन टाकलं आहे. मला ते अन्यायकारक वाटतं. 1954 साली नागासाकीत जन्मलेले इशिगुरो पाच वर्षांचे असताना इंग्लंडला आले आणि गिल्डफर्डमध्ये वाढले. त्यांच्या आज्ञाधारक माणसांचं मूळ शोधायचं तर एका इंग्रज उमरावाच्या हवेलीतच शोधावं लागेल.

त्या हवेलीची गोष्ट सांगणाऱ्या त्यांच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' या कादंबरीला 1989 साली बुकर मिळालं. मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंट यांनी निर्मिलेल्या चित्रपटामुळे (1993) ही गोष्ट पुष्कळांच्या मनात हुकलेलं प्रेम म्हणून राहिली आहे. मला त्यातला दोन ज्यू मोलकरणींचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. नाझींकडे झुकलेले हवेलीचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन त्यांना काढून टाकायला सांगतात. मुख्य बटलर स्टीव्हन्सला हे पटत नाही, तरी रात्री कोको पिताना तो हा निर्णय हवेलीची घरव्यवस्था पाहणाऱ्या मिस केंटनला एखाद्या नेहमीच्या कामासारखा सांगतो. ती चिडते, नोकरी सोडण्याची धमकी देते, पण जायला दुसरं ठिकाण नसल्यामुळे राहते. पुढे लॉर्डसाहेबांना पश्चात्ताप होतो, तेव्हा कुठे स्टीव्हन्स म्हणतो की त्यालाही वाईट वाटलं होतं. त्या वेळी का बोलला नाहीस, या तिच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. इथे दुष्टपणा कुणाचाच नाही. चोख काम करण्याचा अभिमान आहे, आणि हाताखालच्या माणसाला अन्याय राबवायला तेवढा पुरतो. 'नेव्हर लेट मी गो'मधली क्लोन कॅथी आपल्याच सोबत्यांची मरेपर्यंत शुश्रूषा करते आणि ती आपण किती उत्तम करतो हे पहिल्याच पानांत सांगते. ती स्टीव्हन्सचीच वारसदार आहे. पळण्यासाठी आधी आपलं काम निरर्थक आहे हे मान्य करावं लागतं, आणि आयुष्यभराच्या कामाबद्दल तसं म्हणायला भले भले धजत नाहीत.

अशा माणसांना सहानुभूती देणं म्हणजे त्यांना माफ करणं, असा आक्षेप यावर घेता येतो. तो गंभीर आहे. पण इशिगुरो त्यांना स्वतःची बाजू मांडायला लावतात ती त्यांच्याचविरुद्ध साक्ष व्हावी म्हणून. 'अ‍ॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' (1986) मधला युद्धकाळातला प्रचारक चित्रकार ओनो, धाकट्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आपली चूक भारदस्तपणे कबूल करतो. नंतर थोरली मुलगी सुचवते की बाबा, तुमचं वजन एवढं कधी नव्हतंच. त्याच्या कबुलीतही मोठेपणाची हौस होती. मात्र ज्याची त्याने खबर दिली तो शिष्य कुरोदा तुरुंगात गेला, त्याची चित्रं जाळली गेली. ते नुकसान ओनो लहान ठरल्याने लहान होत नाही.

इथवर पाहता आठवण म्हणजे न्याय, विस्मरण म्हणजे पळवाट, असं वाटतं. 'द बरीड जायंट' (2015) मुळे या मांडणीला मुरड घालावी लागते. आर्थर राजानंतरच्या ब्रिटनमध्ये एका ड्रॅगनच्या श्वासातून पसरलेल्या धुक्याने सगळ्यांच्या आठवणी पुसल्या आहेत, आणि म्हणूनच कत्तल करणारे ब्रिटन लोक व कत्तल झालेले सॅक्सन शेजारी शेजारी नांदतात. गवेन हा म्हातारा सरदार त्या ड्रॅगनचं रक्षण करतो. त्याला केवळ राजनिष्ठ नोकर म्हणून मोडीत काढणं मला जमत नाही. आणखी काही काळ रक्त सांडलं नाही तर द्वेष मरेलही, हा त्याचा हिशोब वेडगळ नाही. पण हा हिशोब मेलेल्यांच्या नातलगांना न विचारता मांडलेला आहे, म्हणून मी अखेर त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. याच कादंबरीत, पळून का जात नाहीत या प्रश्नाचं दुसरं उत्तरही आहे. निरपराध्यांना हात लावणार नाही हा करार आर्थरने मोडला, तेव्हा तो करार घडवून आणणारा अ‍ॅक्सल राजाला तोंडावर शिव्याशाप देऊन चाकरी सोडून गेला होता. धुक्यात तो स्वतःचं हे धाडसही विसरला. स्मृती परत यावी म्हणून तो ड्रॅगनच्या मरणाला संमती देतो. त्याला सगळं हळूहळू आठवतं, आणि सॅक्सनांनाही आठवायला लागतं.