न पाहिलेला शेजारी

बडनेरा स्थानकावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणारी, रिपोर्टांची फाईल छातीशी धरलेली कुटुंबे आम्ही नेहमी पाहतो. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून अशांचे आशास्थान आहे. त्यांच्या तिकिटाला पैसे द्यावेत, की ज्याचे फळ कदाचित वीस वर्षांनी मिळेल त्या संशोधनाला?

कॅनडाचा टेरी फॉक्स या प्रश्नाचे उत्तर जगून गेला. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. जगण्याची शक्यता निम्मी आहे, असे त्यास कळले. दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा होती. ही भर अनोळखी संशोधकांनी व दात्यांनी घातली होती. ते ऋण त्याने ओळखले. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर तो संशोधननिधीसाठी धावू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, रोग फुप्फुसांत पसरल्याने तो थांबला. २८ जून १९८१ रोजी, बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. तो निधी त्याच्या उपयोगी पडला नाही. मात्र आज अशा अनेक रुग्णांचा पायही वाचवता येतो.

समोरच्याचे तिकीट टाळून संशोधनाच्या गोष्टी करणे हे ढोंगच होय. परंतु समोरचा दिसतो म्हणून आपला हात खिशाकडे जातो. उद्याच्या रुग्णासाठी रदबदली कोण करणार? आपल्यापैकी जो आज बरा होऊन घरी परततो, तोही काल कुणाचा तरी न पाहिलेला शेजारीच होता.