शोहद आणि शहाण्यांचे डोळे



एलूल महिन्याच्या आरंभीच्या शाब्बाथी आपण सिनेगॉगात 'शोफेतीम' हा पाराशा ऐकतो. त्यात न्यायाधीशांना लाच घेण्याची मनाई आहे आणि मनाईचे कारणही दिले आहे. आपण समजून चालतो की लाच घेणारा मूळचाच लबाड असणार. तोरा मात्र तेथे शहाण्या माणसाच्या डोळ्यांविषयी बोलते. जो विद्वान आहे, ज्याचे मन साफ आहे, त्याचीच दृष्टी लाचेने जाते, असा तिचा इशारा आहे.

तल्मूदातील केतुबोत या ग्रंथात आपल्या हाखामींनी यावर पुष्कळ विचार केला आहे. रावा म्हणतात की 'शोहद' या शब्दातच त्याचा अर्थ लपलेला आहे. 'हाद' म्हणजे एक. घेणारा देणाऱ्याशी एक होऊन जातो, आणि स्वतःचा दोष कोणाला दिसतो?

तेथेच श्मुएल यांची गोष्ट आहे. नावेतून पलीकडे जाताना एका माणसाने त्यांना हाताचा आधार दिला. त्याचा दावा आपल्यापुढे आहे हे कळताच, तुझा न्याय मला करता येणार नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. पैसा नाही, वस्तू नाही, नुसता हात!

रब्बी इश्माएल बेन योसे यांची गोष्ट आम्हांला त्याहून मोठी वाटते. त्यांचा कूळ दर शुक्रवारी त्यांच्याच बागेतील फळांची टोपली आणून देई. एकदा त्याने ती गुरुवारी आणली, कारण त्या दिवशी त्याचा दावा होता. रब्बींनी टोपली घेतली नाही, न्यायासही बसले नाहीत. दुसरे दोन विद्वान बसविले. तरी जवळून जाताना त्यांच्या मनात येत राहिले की याने असे बोलावे, तसे बोलावे, म्हणजे जिंकेल. तेव्हा ते स्वतःच हादरले. फळे माझीच होती, मी ती घेतलीही नाहीत, तरी माझे मन असे झुकते; मग जे घेतात त्यांचे काय होत असेल?

(आम्ही शाळामास्तर लोक ही गोष्ट लवकर समजतो. परीक्षेच्या महिन्यात मुलाच्या हाती हाफूस आंब्यांची करंडी का येते, ते मुलालाही ठाऊक असते.)

आजच्या काळात असाच निवाडा करणारा मनुष्य म्हणजे सर्जन. ऑपरेशन करावे की नाही, कोणत्या कंपनीचा सांधा बसवावा, हे तोच ठरवितो. आणि ज्याच्यासाठी ठरवितो तो बिचारा भूल घेऊन टेबलावर निजलेला असतो.

अमेरिकेत काय घडले ते पाहा. गुडघ्याचे व खुब्याचे कृत्रिम सांधे बनविणाऱ्या चार कंपन्यांनी २००७ साली सरकारशी तडजोड करून ३१ कोटी १० लक्ष डॉलर भरले. सर्जनांना सल्लागार म्हणून दिलेले पैसे हे खरे तर आपलाच सांधा वापरावा म्हणून दिलेले होते, असा सरकारचा आरोप होता. दुसरी हकीकत मेडट्रॉनिक कंपनीच्या 'इन्फ्यूज' या मणक्याच्या ऑपरेशनात वापरावयाच्या औषधाची. कंपनीच्या पैशाने झालेल्या १३ अभ्यासांत या औषधाचा एकही उपद्रव नोंदलेला नव्हता. २०११ साली मणक्याच्या डॉक्टरांच्याच एका मासिकाने ते सारे पुन्हा तपासले, तेव्हा उपद्रवाचे प्रमाण १० ते ५० टक्के निघाले. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीने अहवाल दिला की १९९६ ते २०१० या काळात कंपनीने अभ्यास लिहिणाऱ्या डॉक्टरांना सुमारे २१ कोटी डॉलर दिले होते. आपण गैर प्रभाव पाडला नाही, असे कंपनीचे म्हणणे. ते सर्व डॉक्टर खोटारडे होते असे आम्हीही म्हणणार नाही. त्यांना आपण प्रामाणिक आहोत असेच वाटत असेल, आणि भीती त्याचीच आहे.

लहान भेटीने काय होणार, असे कोणी म्हणेल. २०१६ साली सुमारे २ लक्ष ८० हजार अमेरिकन डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंपनीकडून वीस डॉलरांहूनही स्वस्त असे एकच जेवण घेतलेले डॉक्टरदेखील त्या कंपनीचे महागडे औषध अधिक लिहून देताना आढळले. जेवणामुळेच तसे झाले, असे त्या अभ्यासाने सिद्ध होत नाही. पण श्मुएल यांना एवढा पुरावाही लागला नव्हता.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सर्जनांच्या सल्ल्यावाचून चांगला सांधा बनत नाही, आणि त्या श्रमाचा मोबदला घेणे पाप नव्हे. रामबान स्वतः वैद्य होते. वैद्याने आपल्या वेळेचे व श्रमाचे घ्यावे, असे त्यांनी लिहिले आहे. तल्मूदातील कार्ना हे न्यायाधीश बुडालेल्या वेळेबद्दल पैसे घेत, पण दोन्ही पक्षांकडून सारखे आणि सर्वांसमक्ष. कंपनीच्या व्यवहारात दुसरा पक्ष, म्हणजे रोगी, त्याला पत्ताच नसतो.

अमेरिकेत २०१० साली कायदा झाला आणि २०१४ पासून कोणत्या डॉक्टरला कोणत्या कंपनीने किती दिले, हे कोणालाही पाहता येते. भारतात मेडिकल कौन्सिलने २००९ साली कंपन्यांच्या भेटी व प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना बंदी केली. हे चांगलेच झाले. परंतु टोपलीची नोंद वहीत केली म्हणून रब्बी इश्माएल न्यायास बसले नसते.

आपल्या समाजात डॉक्टरविषयी फार आदर आहे. डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली, तिचा अभिमान आपल्याला आहेच. पण आदरापोटी आपण काही विचारीत नाही. आता आपल्यातील पुष्कळ जणांच्या गुडघ्यांची पाळी आली आहे. तेव्हा डॉक्टरसाहेबांना शांतपणे विचारावे: हा सांधा कोणत्या कंपनीचा, आणि त्या कंपनीशी आपला काही व्यवहार आहे काय? एवढ्याने समाधान झाले नाही तर येथील १९९६ च्या रुग्ण हक्क कायद्याने दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे, आणि पहिल्या डॉक्टरने त्यास मदत करावी असेही त्यात आहे. तपासणीचे कागद व एक्स-रे मागून घ्यावेत. हिब्रू वाचणे जड जात असेल तर एखाद्या नातवंडाला बरोबर न्यावे.