मरणोत्तर नांवाचा न्याय

मेलेल्या माणसाविषयीं वाईट बोलूं नये, असा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेला असतो. मृताच्या नांवाआधीं 'कैलासवासी' लिहितांना तो सज्जन होता कीं दुर्जन, याची चौकशी आपण करीत नाहीं. चीन व कोरिया या देशांत राजांच्या बाबतींत मात्र शेंकडों वर्षें निराळी रीत चालत आली. तिचा विचार करतांना, मृतांचा न्याय करावा काय, आणि करावा तर तो कोणीं, असा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला.

राजाचें जन्मनाम उच्चारणें तेथें निषिद्ध असे. तो निवर्तला म्हणजे त्याला दोन प्रकारचीं नांवें मिळूं शकत. वंशाच्या पितृमंदिरांत त्याच्या नांवाची पाटी पुजली जाई. त्या पूजेसाठीं दिलेलें तें मंदिरनाम. दुसरें मरणोत्तर नांव. त्यांत त्याच्या आयुष्याचें सार एखाद्या शब्दांत सांगावयाचें असे. 'वेन' म्हणजे विद्यासंपन्न, 'वू' म्हणजे पराक्रमी, अशीं गौरवाचीं नांवें होतीं, तशीं निंदेचींही होतीं. ज्या चौ राजाला लोकांनीं इ. स. पूर्वीं ८४१ मध्यें राजधानींतून पळवून लावलें, तो 'ली' म्हणजे क्रूर या नांवानें इतिहासांत राहिला. त्याच वंशांतील दुसरा एक राजा इ. स. पूर्वीं ७७१ मध्यें शत्रूंकडून मारला गेला. तो 'यू' म्हणजे अंधारलेला ठरला. मेन्शियस हा तत्त्ववेत्ता याच दोन नांवांकडे बोट दाखवून सांगे कीं, पुढील शंभर पिढ्यांतील वंशज कितीही पितृभक्त निघाले तरी हा डाग त्यांना पुसतां येणार नाहीं.

इ. स. पूर्वीं २२१ मध्यें सारा चीन जिंकून पहिला सम्राट झालेल्या छिन शिह्वांगानें ही चाल बंद केली. तिच्यामुळें मुलगा बापाचा आणि सेवक धन्याचा न्याय करूं लागतो, हा त्याचा आक्षेप. त्याचा वंश लवकरच बुडाला आणि मागून आलेल्या हान सम्राटांनीं चाल पुन्हां सुरू केली. तरी हा आक्षेप केवळ निंदेला भ्यालेल्या सत्ताधीशाचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्याच्या घरांत आपण वाढलों, ज्याचें अन्न खाल्लें, त्याच्यावर निकाल देण्यास लागणारी अलिप्तता मुलानें आणावी कोठून?

ही अडचण पुढें वारंवार दिसून आली. सुइ वंशाच्या दुसऱ्या सम्राटाच्या कारकिर्दींत, इ. स. ६०४ मध्यें, छन राज्याचा पदच्युत राजा मरण पावला. त्याला 'यांग' हें निंदेचें नांव देण्यांत आलें. इ. स. ६१८ मध्यें या सम्राटाचाच खून झाला. त्याच्या नातवानें त्याला 'मिंग' म्हणजे उज्ज्वल म्हटलें. पण राज्य थांग वंशाकडे गेलें होतें, आणि त्या वंशानें त्याला नेमकें 'यांग' हेंच नांव दिलें. तेंच टिकलें. एका नांवांत नातवाचें प्रेम होतें, दुसऱ्यांत विजेत्याचा स्वार्थ. कोरियांत कोर्यो वंशाच्या सहा राजांच्या मरणोत्तर नांवांत 'चुंग' म्हणजे निष्ठा हा शब्द आहे; ही निष्ठा चीनच्या मंगोल सम्राटाशीं होती. नांव ठेवणारा बलिष्ठ असला म्हणजे नांवांतून त्याचेंच मन वाचावयास मिळतें.

निंदेपेक्षां स्तुतीनें या रीतीची हानि अधिक झाली. थांग काळापासून विशेषणांची माळ वाढत गेली, आणि चिंग वंशांत तर सम्राटाचें मरणोत्तर नांव वीस अक्षरांहून लांब झालें. ज्या न्यायालयांत प्रत्येकजण निर्दोष सुटतो, तेथील निकालाला किंमत ती काय?

मग मौनच बरें काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. कोरियाच्या चोसॉन वंशांत १४५५ सालीं सेजो यानें आपल्या अल्पवयी पुतण्याचें सिंहासन घेतलें, आणि १४५७ मध्यें त्या मुलाचा अंत झाला. सेजोला मंदिरनाम मिळालें. मुलाला मिळालें नाहीं. 'नोसान-गुन', म्हणजे केवळ एक राजपुत्र, एवढीच त्याची ओळख उरली. पुढें २४१ वर्षांनीं, १६९८ मध्यें, सुकजोंग राजानें त्याला 'तानजोंग' हें मंदिरनाम देऊन राजांच्या मालिकेंत बसविलें. सुकजोंग हा सेजोचाच वंशज. मेन्शियसानें जो प्रसंग कल्पिला त्याच्या अगदीं उलट हा प्रसंग होता: वंशजानें पूर्वजाचा डाग पुसला नाहीं, पूर्वजानें ज्याच्यावर अन्याय केला त्याचा मान त्याला परत दिला. त्यांत राजकारणाचा कांहीं अंश असेलही. पण तसें करण्यांत आपल्याच मूळ पुरुषाचा अपराध मान्य होत होता, हें विसरून चालणार नाहीं.

छिन शिह्वांगाच्या आक्षेपाला आमच्या मतें येथें उत्तर मिळतें. मुलानें बापाचा निकाल देऊं नये, हें मान्य करूं. पण बापानें ज्याचें घेतलें त्याचें परत करण्यास न्यायाधीशाची अलिप्तता लागत नाहीं. आपल्या घरांतही वडिलांनीं एखाद्या भावाचा हिस्सा दाबलेला असतो, एखाद्या विधवेला दाराबाहेर काढलेलें असतें. वडिलांच्या नांवाआधीं आपण 'कैलासवासी' अवश्य लिहावें. पण त्या विधवेचें नांव घरांत पुन्हां घेतलें जावें, हेंही आपलेंच काम आहे.