सुलह आणि इन्साफ

गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यांत जे तंटे उभे राहतात, त्यांतल्या पुष्कळांची मुळे पाण्यात नाहीतर धुऱ्यात असतात. बोडीचे पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचे, शेजाऱ्याने धुरा किती आत ढकलला, एवढ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. मग कोर्टात तारखा पडू लागतात. वादी मरतो, त्याचे वारस कागदावर येतात, आणि ज्या वीतभर जमिनीसाठी हे सारे चालले तिच्या किमतीहून अधिक पैसा वकिलाच्या फीत आणि एस.टी.च्या तिकिटांत जातो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील म्हणत आले ते उगीच नव्हे.

म्हणूनच कोर्टाबाहेर तंटा मिटवण्याचे मार्ग निघाले तेव्हा आम्हांला मनापासून आनंद झाला. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीला कायद्याचे बळ दिले. तिथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकी पक्की असते, तिच्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. 2002पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89नुसार कोर्टच पक्षकारांना लवाद, मध्यस्थी किंवा लोकअदालतीकडे पाठवू लागले. 15 ऑगस्ट 2007ला तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या बसल्या आणि कित्येक जुनी वैरे चावडीवर मिटली.

त्या मोहिमेला गांधीजींचे नाव दिले हे योग्यच झाले. 1893 साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेठ हेही मेमन, आणि दादा अब्दुल्लांचे नातलग. दावा असाच चालला तर दोघेही बुडतील हे ओळखून गांधीजींनी त्यांना लवाद नेमायला राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. पण एवढी रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधीजींनी दादा अब्दुल्लांचे मन वळवून लांब मुदतीचे हप्ते बांधून दिले. एकाचे पैसे बुडाले नाहीत, दुसऱ्याची अब्रू गेली नाही.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण तिच्यातली एक बाब सांगायची राहून जाते. ते दोघेही मातब्बर होते. दोघांपाशी वकील होते, पैसा होता, आणि लवाद मान्य नसता तर कोर्टात लढण्याची ताकदही होती. ‘नाही’ म्हणणे ज्याला परवडते, त्याच्याच ‘हो’ला किंमत असते.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मोहल्ल्यात नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही पाच जण पंच म्हणून बसलो होतो. मुलगी माहेरी परतली होती, तिची आई बिड्या वळून घर चालवत होती. मुलीने कोर्टात पोटगीचा अर्ज केला होता. आम्ही दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना समजावले. ठरले असे, की मुलीने अर्ज मागे घ्यावा, मेहरचा विषय काढू नये आणि सासरी नांदायला जावे. तिच्या मामूंनी मान हलवली. दुआ झाली, चहा झाला. एक घर वाचवले या समाधानात आम्ही घरोघर गेलो. चार महिन्यांनी ती पुन्हा माहेरी आली, या वेळी अंगावर वळ घेऊन. आमच्या घरातली बाई तिला भेटायला गेली आणि म्हणाली, “बेटी, तू तेव्हाच का नाही बोललीस?” ती म्हणाली, “खालाजान, हमसे पूछा किसने था?”

खरेच, तिला कोणी विचारले नव्हते. ती आतल्या खोलीत बसली होती आणि आम्ही बाहेर तिच्या वतीने उदार होत होतो. जे आमचे नव्हतेच, ते आम्ही माफ करून टाकले होते.

सुलहचे महत्त्व कुरआनने सांगितले आहे. सूरह निसामध्ये पति-पत्नींत फूट पडण्याची भीती असेल तर दोन्ही घराण्यांतून एकेक पंच नेमावा असा आदेश आहे. पण सूरह हुजुरातमध्ये, जिथे भांडणाऱ्या दोन गटांत समेट घडवायला सांगितले आहे, तिथेच तो न्यायाने घडवावा अशी अटही घातली आहे. आपण सुलह उचलली आणि इन्साफ मागे ठेवला. देशाच्या न्यायालयांनीही हा दोन पंचांचा आदेश गंभीरपणे घेतला. दगडू पठाण प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने आणि शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दोन्ही 2002मध्येच, सांगितले की तलाकला सबळ कारण हवे आणि त्याआधी दोन्हीकडच्या पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा. म्हणजे तिथे पंच आहेत ते बाईला संरक्षण म्हणून. आम्ही पंच झालो ते तिला गप्प करण्यासाठी.

कायद्यालाही हा धोका ठाऊक आहे. लोकअदालत तडजोड नोंदवू शकते, स्वतः निवाडा देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये स्पष्ट केले. जे गुन्हे कायद्याने मिटवता येत नाहीत ते लोकअदालतीपुढे नेताच येत नाहीत. दारुलकजाचा निर्णय कोणावर लादता येत नाही, मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, असे 2014मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले. पंचायतीचे ऐकले नाही म्हणून वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात 2016च्या कायद्याने गुन्हा ठरला. तरीही दबाव दर वेळी बहिष्काराचे रूप घेऊन येत नाही. तो “खानदानाची इज्जत” म्हणून येतो, “गावाला बक्षीस मिळायचे आहे” म्हणूनही येतो. तंटा नसलेल्या गावाला बक्षीस ठेवले की तंटा मिटवणे आणि तंटा दाबणे यांतला फरक कोणी पाहत नाही.

कोणी म्हणेल, मग कोर्टात तरी गरिबाला कुठे न्याय मिळतो? आक्षेप खरा आहे. वर्षानुवर्षांच्या तारखा हाही अन्यायच. पण पंचांपुढे बसलेल्या दुबळ्या माणसाला जे थोडे बळ येते, ते मागे कोर्टाचे दार उघडे आहे यामुळेच येते. ते दार लावून केलेली तडजोड म्हणजे माघार. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क त्याच 1987च्या कायद्यात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गोंदियातही आहे. आमच्या त्या बैठकीत पाचांपैकी एकानेही तिला हे सांगितले नाही. कारण सांगितले असते, तर कदाचित सुलह झाली नसती.

आम्ही आजही पंच म्हणून बसतो. सुलहवरचा विश्वास सुटलेला नाही. धुऱ्याचे भांडण गावातच मिटावे, भावाने भावाशी बोलावे, हेच आम्हांला हवे आहे. फक्त आता बैठकीच्या सुरुवातीला, जो सर्वांत गप्प आहे त्याला आम्ही जवळ बोलावतो आणि सांगतो, तुला हे मान्य नसेल तर तसे सांग, तुझ्याबरोबर कोर्टात यायलाही आम्ही तयार आहोत. यामुळे काही तडजोडी मोडतात. त्या मोडू द्याव्यात. त्या मुलीच्या मेहरची रक्कम फार मोठी नव्हती, पण ती माफ करण्याचा हक्क फक्त तिचा होता. त्याचा हिशेब आम्हां पाच जणांना अजून द्यायचा आहे.